भागवत भैयाच्या आवाजात

आधीच सांगून देतो, ह्यात पोट्टी नाही. 'हे मी कोणालेच बोललो नाही' असं म्हटलं की माणसं लगेच पुढं सरकून बसतात, अन् मनात म्हणतात, आला बा लफडा. नाही येत. चोरीही नाही. पळून गेलो, जहर खाल्लं, तसलंही काही नाही. तुमचा चहा गॅसवर असन तर उतरवून या. मी एवढे महिने थांबलो, तुमच्या चहासाठी जराकसं थांबाले काय जाते?

आले? बसा मंग.

तुम्ही हे वाचून काय म्हणान, याचा मले अंदाज आहे. पण अंदाजावर माहा आता भरोसा राहिला नाही, म्हणून तो राहू द्या. मी एकदम मुद्द्यावर नाही येत, हेही पाहून घ्या. दोनदा असं लिहायला बसलो, अन् दोन्ही वेळा पहिल्याच ओळीत खोटं लिहिलं. हे तिसऱ्यांदा आहे. यावेळी जमते का पाहू.

माहं नाव प्रफुल. मिलमध्ये सगळे पिंटू म्हणतात. मूळचे आम्ही भंडाऱ्याकडचे, बाप रेल्वेत होता म्हणून इकडं छत्तीसगडात, रायपूरजवळच्या तिल्द्याला वाढलो. घरी आई मराठीत रागवते, मी हिंदीत जवाब देतो — असं आमचं घर. अन् माह्यापाशी लहानपणापासून एकच कला. आवाज. स्टेशनवरची बाई, मावशीचा खोकला, शेजारच्या बकरीसकट सगळे. सातवीत असताना दाराच्या मागं उभं राहून हेडमास्तरच्या आवाजात म्हटलं, "सातवी ब, आज छुट्टी!" — अन् पूर्ण वर्ग दप्तर घेऊन घरी. मास्तर आले तेव्हा वर्गात मी एकटाच, हसून राहिलो होतो. मार पडला. पण मार खाताना मास्तर ओरडले कसे, तेच मी ध्यान देऊन ऐकलं. दुसऱ्या दिवशी तेही करून दाखवलं.

ही सवयच लागली मले. कोणी बोलला, की तो काय म्हणून राहिला हे मी ऐकतच नाही. कसा म्हणून राहिला, तेवढंच ऐकतो. श्वास कुठं घेते, कोणतं अक्षर खाते, बोलायच्या आधी गळा साफ करते का. बोलणं जाते कानाच्या बाहेरून.

अन् दुसरी सवय — शक. जो दिवसभर नकला करते, त्याले दुसऱ्याचं खरंही नाटकच वाटते. भिकारी लंगडला, मी म्हणतो, पाय बरोबर नाही टाकला. बहीण रडली, मी म्हणतो, हुंदका उशिरा आला. हे हसण्यावारी न्या तुम्ही. मीही नेत होतो.

रायपूरला लागून उरला म्हणून कारखान्यांचा भाग आहे, त्याच्या बाजूच्या एका रोलिंग मिलमध्ये मी होतो. नाव नाही सांगत, त्याची गरजही नाही. भट्टीत लोखंडाचे ठोकळे तापवतात, ते लाल होऊन बाहेर येतात, पुढं रोलरमधून दाबून त्याच्या सळया बनतात. भट्टीच्या तोंडावर जो माणूस लांब हूक घेऊन उभा राहते, त्याची काय हालत होते हे मी काय सांगू? मे महिन्यात रायपूरच्या रोडवर गाडीच्या सीटवर बसून पाहा. मंग समजा, की ती सीट उन्हात नाही, चुलीत ठेवली आहे, अन् तुम्हाले तिथं उभं राहून काम करायचं आहे.

हे गरमीचं सगळं पाहायला मिलमध्ये मेश्राम काका होते. रेल्वेतून रिटायर, दोन्ही गुडघे खराब, अन् आवाज असा की भोंगा लाजावा. त्यांनी शेडमध्ये तिपाईवर एक मीटर लावलं होतं, वर काळा गोळा असलेलं. साधं थर्मामीटर खोटं बोलते, म्हणत काका. हा गोळा भट्टीची झळ पकडते, अन् बाजूची ओली बत्ती घाम सुकते की नाही ते सांगते. गोळ्याचा आकडा वर गेला, की काका कामाचा वेळ कमी करत, आरामाचा वाढवत. आरामाच्या खोलीत कूलर, निंबू-मीठ-साखरेचं पाणी, भिजवलेले गमछे. बाथरूमच्या भिंतीवर लघवीच्या रंगाच्या पिवळ्या पट्ट्या काढल्या होत्या, फिक्यापासून तर चहापर्यंत. खाली लिहिलं होतं, 'शेवटच्या दोन रंगांत असाल तर काकाले सांगा'. आता मोठी माणसं हे काकाले कसं सांगतील? कोणी तरी तिथं कोळशानं लिहून ठेवलं — 'काका, तुमचा कोणता?'

लोक ह्या सगळ्यावर शक करत. सांगतो काहून — ज्यानं 'चक्कर येते' म्हटलं, त्याच्यावर 'कमजोर' असा शिक्का बसन, अन् उद्या गेटवरून परत पाठवतील, अशी भीती. म्हणून सगळे 'बढिया' म्हणत. नाडी पाहायला हात पुढं करताना असे पाहत, जसं काका हात कापूनच घेणार आहेत. खिशात कांदा ठेवत, सकाळी बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, खाऊन येत, अन् म्हणत, आमच्या बापजाद्यांना कोणता गोळा लागला?

तर लोक खरं बोलत नाहीत, हे काकाले माहीत होतं. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली, अन् सगळं पुढं तिच्याचपायी झालं.

काका म्हणत, गरमी डोक्यात चढली की सगळ्यात आधी जीभ सांगते. माणूस 'मी ठीक आहे' म्हणन, पण जीभ जड पडते, बोल चुकते. म्हणून भट्टीवरच्या प्रत्येक माणसाले एक जोडीदार. त्या जोडीपाशी एक वायरलेस, अन् तो लटकवलेला भट्टीपासून वीस पावलं दूर, पंख्याच्या खाली. ठरल्या वेळी काका केबिनमधून हाक मारत. भट्टीवरच्या माणसानं स्वतः चालत यायचं, नाव सांगायचं, अन् वीसपासून दहापर्यंत उलटी गिनती करायची. काका कान लावून ऐकत अन् रजिस्टरात लिहीत — 'आवाज साफ' किंवा 'आवाज जड'. जड आला, की तो माणूस बाहेर, अन् त्याच्या जागी जोडीदार भट्टीच्या तोंडावर.

पाहा किती साधं. त्या वीस पावलांत चालणं झालं, पंखा लागला, दोन घोट पाणी झालं. काकाले ते तिन्ही पाहिजे होते. गिनती तर बहाणा होता अर्धा. हे मले तेव्हा नाही समजलं.

माही जोडी भागवत भैयासोबत होती. भागवत साहू, बीरगांवच्या एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहते. चाळिशीचा, सुका, हातावर जळाल्याचे जुने डाग, गळ्यात तुळशीची कंठी. कबीरपंथी माणूस. मांस नाही, दारू नाही, बिडी नाही. हसला की तोंडावर हात ठेवते, जसं हसणंही जरा जास्तच झालं. वायरलेसवर पहिले "साहेब बंदगी" म्हणते, तो त्यांच्या पंथाचा नमस्कार, मंग गळा साफ करते, मंग नाव अन् गिनती. 'सत्रह'ले 'सतरा' म्हणते, अन् बारा-अकराच्या मधात एक श्वास. मले ते पहिल्याच आठवड्यात पाठ झालं होतं.

सुरुवात हसण्यातच झाली. एक दिवस भैयाच्या हुकात ठोकळा अडकला होता, हात सोडता येत नव्हता, अन् काकाची हाक आली. मी बटण दाबलं अन् म्हणून टाकलं, "साहेब बंदगी..." — पूर्ण गिनती, श्वासासकट. काका म्हणाले, "शाब्बास भागवत." वर क्रेनमध्ये सोनू भैया बसते, त्याच्यापाशीही वायरलेस. त्यानं खाली पाहिलं, माहं तोंड पाहिलं, अन् दोन छोटे भोंगे मारले. टाळ्याच समजा.

मंग काय, माही दुकान चालली. दुसऱ्या भट्टीवाले येऊन म्हणत, "पिंटू, मेरा भी बोल दे यार." कोणाले चालायचा कंटाळा, कोणाले रात्री झोप नाही झाली म्हणून जीभ पकडली जाईन याची भीती. मी सगळ्यांचे जवाब दिले. एकट्या भागवत भैयाले ते पटलं नाही. तो एकदा हळूच म्हणाला, "झूठ-मूठ मोर नाव ले के बंदगी झन बोल रे." खोटं माह्या नावानं बंदगी नको म्हणू. मी ते वाक्यही त्याच्याच आवाजात परत म्हणून दाखवलं. तो हसला, तोंडावर हात ठेवून. मी समजलो, परवानगी मिळाली.

मिळाली होती का? आता इतके दिवस झाले, अन् मी ते हसू परत परत पाहून राहिलो. ते हसू हो होतं का नाही होतं?

असो. नवतपा लागला होता, मे संपतानाचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस. भागवत भैया चौदा दिवसांनी गावावरून परत आला, भाचीचं लग्न होतं. काकांनी त्याले केबिनमध्ये बोलावलं, मलेही. म्हणाले, दोन आठवडे भट्टीपासून दूर राहिला, आता शरीर गरमी विसरून गेलं असन. नव्यासारखं हळूहळू शिकवा लागते त्याले. आठवडाभर अर्धा वेळ काम, अन् दर पंधरा मिनिटांनी आवाज. "प्रफुल, नजर ठेव यावर."

शरीर गरमी विसरते? मले हे ऐकून हसू आलं. वीस वर्षं भट्टीवर घालवलेला माणूस चौदा दिवसांत विसरन? मी मनात म्हटलं, काकाले गुंडाळलं यानं. लग्नात रात्री जागला, नाचला असन, आता अर्ध्या कामाचा जुगाड लावून राहिला. अन् अर्धं काम त्याचं, तर बाकीचं अर्धं कोणाचं? जोडीदाराचं. माहं.

इथं शकाची गोष्ट खतम होते अन् भित्रेपणाची सुरू होते, पण खरं पाहिलं तर ते दोघं एकाच खोलीत राहतात. मले भट्टीच्या तोंडावर उभं राहायची भीती वाटत होती. आजही वाटते. मी दोनदा उभा राहिलो होतो, दोन्ही वेळा भुवया जळाल्या, अन् रात्रभर पायात गोळे आले. हे मी कोणाले सांगितलं नाही. मी जोकर होतो ना. जोकरले भीती वाटते हे कोणाले पटन?

त्या दिवशी सकाळी अकराच्या आधीच भैया चिडचिडा झाला. पाण्याचा मग मी डाव्या हातानं दिला म्हणून बोलला मले. तो असा कधी बोलत नव्हता. मंग म्हणाला, "मोला जाड़ लागत हे." थंडी वाजून राहिली म्हणाला. नवतप्यात! भट्टीसमोर! हातावर काटा आलेला दाखवला. अन् मी काय म्हटलं असन? मी म्हटलं, "भैया, ॲक्टिंग थोडी कम." मी कलाकार. मले वाटलं, कलाकाराच्या नजरेतून सुटला नाही.

सवा अकराला तो स्वतः आला वायरलेसवर. "साहेब बंदगी" म्हटलं, पण 'बंदगी' ओली होऊन बाहेर पडली. सतरा दोनदा म्हटलं. काकांनी विचारलं, "भागवत, आवाज असा काहून येते?" अन् मी — मी त्याच्या हातातून वायरलेस घेतला अन् म्हटलं, "काका, बॅटरी डाऊन होऊन राहिली, बदलतो."

बॅटरी भरलेली होती.

साडेअकराले मी त्याले येऊच नाही दिलं. तो हूक घेऊन उभा होता, ठोकळा त्याच्या समोरून गेला अन् त्यानं हूक उचललाच नाही. मी पाहिलं हे. पाहिलं अन् बटण दाबलं, अन् त्याच्या आवाजात वीसपासून दहापर्यंत आलो. आवाज साफ.

पावणेबाराले रोलरमध्ये सळई फसली, लाईन बंद पडली, सगळे तिकडं धावले. भैया खांबाला टेकून खाली बसला. मी म्हटलं, बरं झालं, आराम भेटला. पण तो खांब भट्टीपासून चार हातांवर होता. आरामाची खोली उजवीकडं, कूलर दिसून राहिला होता, मी त्याले हात धरून तिथं नेऊ शकत होतो. नाही नेलं. काहून? कारण लाईन चालू झाली अन् तो खोलीत दिसला, तर काका मले भट्टीवर पाठवतील. दुसरं काही कारण नव्हतं. हाक आली. मी जवाब दिला. आवाज साफ.

अन् बारा वाजता.

बारा वाजताचं मी आजवर स्वतःलाही मोठ्यानं सांगितलं नाही. बारा वाजता मी वायरलेस हातात घेऊन त्याच्याजवळ गेलो, तर तो तसाच बसला होता, पाय पसरून, डोळे उघडे. घाम नव्हता. इतका वेळ चमकणारं तोंड एकदम कोरडं, मातीसारखं. मी पाहिलं. मले समजलं, हे नाटक नाही. हे वाक्य मी मुद्दाम साधं लिहून राहिलो, म्हणजे उद्या त्यातून निसटता येऊ नये — मले समजलं होतं. पण साडेअकराचा अन् पावणेबाराचा आवाज माहा होता. आता त्याचा खरा आवाज काकांच्या कानात गेला, तर काका विचारतील, पंधरा मिनिटांत एवढा फरक कसा? मी पकडला जाईन. म्हणून मी बटण दाबलं. त्याच्याकडं पाहत पाहत म्हटलं, "साहेब बंदगी." वीस, एकोणीस, अठरा, सतरा. बारा-अकराच्या मधात श्वास घेतला. अन् शेवटी त्याचं हसूही टाकलं — ते छोटं, तोंडावर हात ठेवलेलं. कोणी मागितलं नव्हतं. काका म्हणाले, "शाब्बास भागवत, आज जमून राहिलं तुले."

तो माह्याकडं पाहून राहिला होता. त्यानं ऐकलं का? स्वतःचाच आवाज, स्वतःचीच बंदगी, चार हातांवरून? तेव्हापासून मले हा एकच शक खाऊन राहिला. अन् हा शक दूर करायला मी कोणाले विचारू?

बारा वाजून पाच मिनिटांनी तो आडवा झाला. वरून सोनू भैयानं पाहिलं अन् लांब भोंगा मारला. मेश्राम काका त्या खराब गुडघ्यांनी धावत आले — धावत. ब्लेडनं शर्ट फाडला, बर्फ मानेला, काखेत, जांघेत, ओले गमछे अंगभर, वरून पंखा. त्याच्या अंगाला हात लागला तर चटका बसे. भैया कोणाशी तरी मांडवाबद्दल बोलून राहिला होता, की खांब वाकडा गाडला, सरळ करा. ॲम्ब्युलन्स आली. काकांनी तिच्यातही बर्फ टाकणं थांबवलं नाही. डॉक्टर नंतर बोलले, तो बर्फ नसता तर माणूस नसता.

वाचला तो. अकरा दिवसांनी घरी आला. पण जीभ जड राहिली, अन् चाल डुलते. हळूहळू सुधरन, म्हणाले, किंवा असंच राहीन.

तुम्ही म्हणान, चला, वाचला ना. मलेही वाटलं होतं, संपलं. पण खरी गोष्ट तर इथून सुरू झाली.

मिलमध्ये चौकशी बसली. रजिस्टर उघडलं. काकांच्या हातचं लिहिलेलं — साडेअकरा, आवाज साफ. पावणेबारा, आवाज साफ. बारा, आवाज साफ, गिनती बरोबर, हसला. अन् बारा पाचला बेहोश. मॅनेजर साहेब म्हणाले, गरमी अशी एकदम नाही चढत, हे तुमचेच मेश्राम सांगतात. मंग पाच मिनिटांत काय झालं? हा माणूस कुठून आला? लग्नातून. गावातून. गावात लग्नात काय भेटते?

दारू.

कोणी लिहिलं नाही, फक्त म्हटलं. पण म्हटलेलं बीरगांवपर्यंत जायला किती वेळ लागते? कंठीवाला माणूस, अन् मोहाची पिऊन भट्टीवर आला. त्याले कामावर परत घेतलं नाही. अन् आता तो रस्त्यानं डुलत चालते, अडखळत बोलते, तर पानठेल्यावरची माणसं एकमेकांकडं पाहतात — पाहा, अजूनही सुटली नाही. सत्संगात त्याच्या बाजूले बसणारे जरा दूर सरकून बसतात म्हणे. तो सांगते, मी प्यायलो नाही. पण सांगते कोणत्या जिभेनं? ती जीभ ऐकूनच लोकांना पक्की खात्री होते.

अन् त्याचा साफ आवाज आता फक्त माह्या गळ्यात आहे. मी तो काढत नाही. एकदा बाथरूममध्ये निघाला, आपोआप. मी नळ जोरात सोडला.

मिलमध्ये कोणीच काही बोललं नाही. सगळ्यांनीच माह्याकडून जवाब देवविले होते ना. एकानं तोंड उघडलं की दुसरा म्हणन, तूही तर रोज देवविला. म्हणून सगळे चूप, अन् सगळे पाहतात. जेवताना पाहतात, हात धुताना पाहतात. मी आलो की बोलणं बदलते — का मलेच तसं वाटते? सोनू भैया एक दिवस क्रेनवरून उतरला, माह्याजवळ आला, इकडं तिकडं पाहून म्हणाला, "उस दिन बारह बजे... भागवत ही था न?"

"हव," म्हटलं मी.

"हव," तोही म्हणाला. अन् गेला. तेव्हापासून तो मले नावानं हाक मारत नाही, शिटी मारून बोलावते.

मेश्राम काकांचं काय सांगू? त्यांनी कानाच्या डॉक्टरले कान दाखवले. मशीन लावून तपासले. त्यांना वाटलं, ऐकण्यात त्यांचीच चूक झाली असन. जड आवाज त्यांनी साफ लिहिला. वायरलेसची गिनती त्यांनी बंद केली. आता स्वतः दर पंधरा मिनिटांनी भट्टीपर्यंत चालत येतात, त्या गुडघ्यांनी, अन् प्रत्येकाच्या तोंडापाशी कान नेऊन उभे राहतात. येताना खांबाले धरतात. त्याच खांबाले.

अन् हेही ऐका — माह्या नकला काकांनी पाहिल्या होत्या. जयंतीच्या कार्यक्रमात मी स्टेजवर त्यांचाच आवाज काढला होता, ते पोट धरून हसले होते. मंग त्यांच्या डोक्यात येत नाही का? का येते, अन् ते वाट पाहून राहिले? काका भोळे आहेत का पोहोचलेले? मले आजवर समजलं नाही, अन् मी तर माणसांचे आवाज वाचणारा.

महिन्याभरानं त्यांनी मले केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घे म्हणाले. समोर रजिस्टर, बरोबर त्याच पानावर उघडं. मी समजलो. खरं सांगू? बरं वाटलं. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं — असं मले वाटते. पण विचारल्याशिवाय सांगितलं नाही, एवढं मात्र पक्कं आहे.

काका रजिस्टरवर बोट ठेवून बोलाले लागले.

"बारा वाजता हा माणूस चांगला होता. माह्या हातचं आहे हे. बारा पाचला पडला. ते पाच मिनिटं तू कुठी होता बे? बिडी मारत होता? कोणाची नक्कल करून दाखवत होता? जोडीदार म्हणून ठेवलं होतं तुले तिथं, खेळणं म्हणून नाही! पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं डोळे उघडे ठेवले असते, तर तो माणूस बसल्या जागी उचलला असता आपण. एका भल्या माणसाच्या नावाले दारू लागली तुह्या पाच मिनिटांपायी! त्याच्या घरी जाऊन उभा राहू शकते का तू? बोल ना. दिवसभर तर सतरा आवाज काढते, आता एकही नाही?"

त्यांनी माह्याकडं पाहिलं.

मी मान खाली घालून उभा होतो. म्हटलं, "चुकलं काका."

"चुकलं म्हणते," काका बोलले, अन् रजिस्टर बंद केलं. "जा. पाच मिनिटं सांभाळता येत नाही पोट्ट्याले."

मी पाच मिनिटांचं बोलणं खाऊन बाहेर आलो. सवा अकरापासूनच्या पन्नास मिनिटांचं मले कोणीच बोललं नाही.